आय.टी.आय. आणि त्यानंतरचे एक वर्ष

दहावीचा निकाल लागला की ज्यांना ऐंशीच्या वर टक्के मिळालेले असतात त्यांचे पालक पेढे घेऊन येतात आणि लगेच निघून जातात. त्यांना कुणाचा सल्ला नको असतो. पंचेचाळीस ते पासष्टच्या मधले पालक मात्र जरा वेळ थांबतात. "सायन्स झेपेल का हो याला?" या प्रश्नाने सुरुवात होते आणि "मग कॉमर्सलाच घालतो" यावर चर्चा संपते. मध्येच आय.टी.आय.चे नाव काढले की थोडी शांतता पसरते आणि मग, "आमच्याकडे कोणी केलं नाही ते," असे उत्तर येते. हा लेख त्या उत्तरासाठी आहे. नववीच्या पालकांनीही तो आत्ताच वाचून ठेवावा, कारण निकालानंतरच्या पंधरा दिवसांत कोणालाच शांतपणे विचार करायला सवड नसते.

आमच्याकडे कोणी केले नाही, हे बऱ्याच घरांच्या बाबतीत खरे आहे आणि त्याला कारणही आहे. बडोद्यातली आपली बहुतेक जुनी घराणी गायकवाडी राज्याच्या नोकरीच्या निमित्ताने आली. कुणी खात्यात कारकून, कुणी शिक्षक, कुणी फौजेत, कुणी वहिवाटदाराच्या कचेरीत. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० मध्ये गुजरात राज्य झाले, राज्यकारभाराची भाषा बदलली आणि त्या नोकऱ्यांचा ओघ आटला. पण टेबलाजवळची नोकरी म्हणजे चांगली नोकरी हा ठसा घराघरांत राहिला तो राहिलाच. त्याच काळात शहराच्या वेशीवर मात्र वेगळेच काही उभे राहत होते. १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, १९६२ मध्ये स्थापन झालेला गुजरात स्टेट फर्टिलायझर्सचा खत कारखाना त्याच दशकात उत्पादन करू लागला, १९६९ मध्ये आय.पी.सी.एल.ची स्थापना झाली. मकरपुऱ्याची वसाहत वाढली. पुढे सावलीला रेल्वेचे डबे तयार होऊ लागले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये टाटा-एअरबसच्या विमान कारखान्याचे उद्घाटन झाले. या सगळ्या ठिकाणी कारकुनांपेक्षा हाताने काम जाणणाऱ्यांची गरज कितीतरी जास्त असते.

आणि गंमत अशी की या देशात हातकामाचे पद्धतशीर शिक्षण जिथे फार लवकर सुरू झाले, अशा ठिकाणांपैकी एक आपल्याच गावात आहे. रोज आपण त्यावरून जातो. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले. त्यामागची बुद्धी होती प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांची. गज्जर मूळ सुरतचे, सुतारकाम करणाऱ्या घरातले, आणि रसायनशास्त्रातले एम.ए. बडोदा कॉलेजात ते प्राध्यापक होते. रंगाई आणि छपाई, यंत्रकाम, विणकाम, सुतारकाम, चित्रकला असे विषय तिथे शिकवले जात, आणि शिकवणे गुजरातीतून चाले. इंग्रजी येत नाही म्हणून कारागिराच्या मुलाला विज्ञान शिकता येऊ नये, हे गज्जरांना मान्य नव्हते. त्यासाठी गुजरातीत शास्त्रीय पुस्तके तयार करण्याचे कामही त्यांनी हाती घेतले होते. पुढे ते मुंबईला गेले. मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्यावर कोणीतरी डांबर फासले तेव्हा तो डाग रसायनांनी काढून दाखवणारे ते हेच गज्जर. (डांबर फासणारे कोण, हे नंतर दामोदर चापेकरांच्या जबानीतून बाहेर आले, पण तो विषय वेगळा.) १९०७ मध्ये अलेंबिक सुरू झाले, त्याच्या उभारणीत गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन ही तीन नावे एकत्र येतात.

याच कलाभवनात त्र्यंबकच्या एका तरुणाने चित्रकलेबरोबर छायाचित्रण, नमुने घडवणे, वास्तुकामाची आखणी असे हाताला लागेल ते शिकून घेतले. गज्जरांनी त्याला तिथला फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरू दिली. तो तरुण म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. १९१३ मध्ये त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा पडदे रंगवण्यापासून फिल्म धुण्यापर्यंतचे काम त्यांना का जमले, याचे निम्मे उत्तर बडोद्यात आहे. कलाभवन पुढे सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेत सामावले गेले. तेव्हा हातकाम 'आपल्यात नाही' असे म्हणण्यापूर्वी दांडिया बाजारातून पाच मिनिटे चालून यावे, एवढेच सुचवतो.

आय.टी.आय.मध्ये नेमके काय असते

औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आय.टी.आय., ही योजना केंद्र सरकारने १९५० मध्ये सुरू केली. चालवते राज्य सरकार, अभ्यासक्रम आणि परीक्षा देशभर एक. बडोद्यात गोरवा आणि तरसाळी येथील सरकारी संस्था सर्वांना ठाऊक आहेत. मुलींसाठी वेगळी केंद्रीय संस्थाही शहरात आहे, तिच्याविषयी पुढे येईल. प्रत्येक व्यवसायाला 'ट्रेड' म्हणतात. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे. वेल्डर एक वर्षाचा, आणि त्याला आठवी उत्तीर्णही चालतो. संगणकाचा 'कोपा' एक वर्षाचा. आपल्या भागाच्या दृष्टीने महत्त्वाचा ट्रेड म्हणजे अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट, आणि त्याचे सोबती इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक केमिकल प्लांट, मेंटेनन्स मेकॅनिक केमिकल प्लांट व लॅबोरेटरी असिस्टंट केमिकल प्लांट. देशातल्या कितीतरी गावांत हे ट्रेड असून उपयोगाचे नसतात, कारण आजूबाजूला तसा कारखानाच नसतो. आपल्याकडे नंदेसरीपासून दहेजपर्यंत रसायनांचे कारखाने आहेत.

पालकांना वाटते की तिथे जाऊन मुलगा 'पाने फिरवतो'. फिटरचे पहिले काही आठवडे कसे जातात ते सांगतो. लोखंडाचा एक ठोकळा वाईसमध्ये, म्हणजे शेगड्यात, पकडायचा आणि कानशीने घासायचा. दिवसभर. हाताला फोड येतात. मग गुण्या लावून उजेडाकडे धरायचे, फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा घासायचे. एक बाजू सपाट झाली की दुसरी, तिला काटकोनात. बाहेरून पाहणाऱ्याला हे वेळ घालवणे वाटते. पण यातून दोन गोष्टी अंगात येतात. एक, व्हर्नियर कॅलिपरने ०.०२ मिलिमीटरपर्यंत आणि मायक्रोमीटरने ०.०१ मिलिमीटरपर्यंत मोजण्याची सवय. दुसरी, 'चालेल' आणि 'बसेल' यातला फरक. कारखान्यात पंपाचे बेअरिंग बसवताना चालेल असे काही नसते. ते बसते किंवा जळते. दहावीला गणितात पंचेचाळीस गुण पडलेला मुलगा इथे दशांश अपूर्णांक शिकतो, आणि यावेळी विसरत नाही, कारण चुकला तर ठोकळा फेकून नवा घ्यावा लागतो.

त्याबरोबर वर्गातला भाग असतो : ट्रेडचा सिद्धांत, कामाच्या ठिकाणचे गणित, यंत्राचे आरेखन वाचणे, आणि 'एम्प्लॉयबिलिटी स्किल्स' नावाचा विषय, ज्यात अर्ज लिहिणे, थोडे इंग्रजी, संगणक येते. आरेखन वाचता येणे याला मी सर्वांत जास्त किंमत देईन. कारखान्यात दहा वर्षे काम करूनही ड्रॉइंग वाचता न येणारा माणूस हेल्परच राहतो.

शेवटी अखिल भारतीय ट्रेड टेस्ट असते. लेखी परीक्षा आता संगणकावर होते, प्रात्यक्षिक कार्यशाळेत. उत्तीर्ण झाल्यावर नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट मिळते. भाषेची काळजी आपल्या मुलांनी करू नये. मराठी माध्यमातली मुले गल्लीतच गुजराती शिकलेली असतात, आणि यंत्रांची नावे सगळीकडे इंग्रजीच असतात. आमच्या वर्गात बोललेली 'कानस' तिथे 'फाइल' होते, इतकेच.

ॲप्रेंटिसशिप : खरे शिक्षण इथे

आता मुख्य मुद्दा. पुष्कळ मुले ट्रेड सर्टिफिकेट हातात आले की शिक्षण संपले असे समजून ठेकेदाराकडे रोजावर लागतात. ते घाईचे आहे. आय.टी.आय.ची कार्यशाळा म्हणजे पोहण्याचा तलाव, कारखाना म्हणजे नदी. तलावातली यंत्रे अनेकदा जुनी असतात आणि ती बंद पडली तर उत्पादन थांबत नाही. म्हणूनच १९६१ मध्ये संसदेने ॲप्रेंटिसेस कायदा केला. चालू कारखान्यात, पगारी कामगारांच्या शेजारी उभे राहून, ठराविक काळ शिकायचे आणि त्या काळात विद्यावेतन घ्यायचे, अशी ही सोय आहे. १९७३ मध्ये पदवी-पदविकाधारक त्यात आले, २०१४ मध्ये कायदा बराच सैल केला गेला, आणि २०१६ पासून केंद्र सरकार कारखानदाराला विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिन्याला कमाल १,५०० रुपयांपर्यंत, स्वतः देऊ लागले.

२०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला, ठेकेदाराची माणसे धरून, एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात. चार ते एकोणतीस माणसांच्या छोट्या कारखान्याला ते ऐच्छिक आहे. म्हणजे ॲप्रेंटिस घेणे ही मोठ्या कारखान्याची मेहेरबानी नाही. हे मुलाला माहीत असले की तो फाटकाशी ताठ मानेने विचारू शकतो.

आय.टी.आय. झालेल्याला मूलभूत प्रशिक्षण पुन्हा करावे लागत नाही, त्यामुळे बहुतेक ट्रेडमध्ये मुदत एक वर्षाची पडते. त्या वर्षाच्या शेवटी परीक्षा होऊन नॅशनल ॲप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळते. दोन सर्टिफिकेटे, दोन वेगळे कागद. नोकरीच्या जाहिरातीत कधी एक मागतात, कधी दोन्ही. पहिले असून दुसरे नसल्यामुळे कितीजण दारातून परत येतात!

विद्यावेतनाचे किमान आकडे २०१९ मध्ये ठरले ते असे : दहावी उत्तीर्णाला महिना ६,००० रुपये, आय.टी.आय. किंवा बारावीवाल्याला ७,०००, पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला ९,०००. ही किमान रक्कम आहे, जास्त द्यायला कारखान्याला कोणी अडवलेले नाही. मुदत एक वर्षाहून मोठी असेल तर दुसऱ्या वर्षी दहा टक्के वाढ. मे २०२५ मध्ये केंद्रीय ॲप्रेंटिसशिप परिषदेने हे आकडे सुमारे छत्तीस टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली, तेव्हा करार करताना त्या दिवशी लागू असलेला आकडा पाहूनच सही करावी.

सही या शब्दावर थोडे थांबतो. ॲप्रेंटिसशिप म्हणजे करार. कारखाना आणि मुलगा यांच्यात तो होतो, मुलगा अठरा वर्षांच्या आत असेल तर पालकाची सही लागते, आणि तो सरकारच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवला जातो. नोंद झाली तरच ती ॲप्रेंटिसशिप. नाहीतर कुणीतरी 'ट्रेनी' म्हणून घेतो, वर्षभर राबवून घेतो आणि शेवटी स्वतःच्या लेटरहेडवर एक पत्र देतो. त्या पत्राला परीक्षेला बसताना काही किंमत नसते. म्हणून पहिल्याच दिवशी कराराचा नोंदणी क्रमांक मागावा. ट्रेडचे नाव काय लिहिले आहे ते वाचावे. 'डेझिग्नेटेड' ट्रेड असेल तर सरकारी परीक्षा आणि वर सांगितलेले सर्टिफिकेट. 'ऑप्शनल' ट्रेड असेल तर अभ्यासक्रम कारखान्याने स्वतः आखलेला असतो, आणि शेवटी मिळणारा कागदही वेगळा असतो. दुसरा प्रकार वाईटच असे नाही, पण फिटर झालेल्या मुलाला 'पॅकिंग'च्या ऑप्शनल ट्रेडमध्ये घेत असतील तर ते शिक्षण नव्हे, स्वस्त मजुरी.

कायद्याने ॲप्रेंटिस हा शिकाऊ असतो, कामगार नव्हे. याच्या दोन बाजू आहेत. कामगारांचे सर्व हक्क त्याला नाहीत, आणि मुदत संपल्यावर कारखान्याने नोकरी दिलीच पाहिजे असे बंधन सर्वसाधारणपणे नसते. दुसरीकडे, सुरक्षिततेचे नियम त्याला इतर कामगारांसारखेच लागू होतात, कामावर अपघात झाल्यास नुकसानभरपाईही मिळते, आणि ट्रेड ॲप्रेंटिसला खास परवानगीशिवाय रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ठेवता येत नाही. रसायनांच्या कारखान्यांच्या बाबतीत वयाचा नियम लक्षात असू द्या. एरवी चौदाव्या वर्षापासून ॲप्रेंटिस होता येते, पण धोकादायक उद्योगांतल्या ट्रेडसाठी अठरा वर्षे पूर्ण लागतात. दहावी पंधराव्या वर्षी झालेला मुलगा दोन वर्षांचे आय.टी.आय. करून सतरा वर्षांचा असतो, आणि त्याचे काही महिने वाट पाहण्यात जातात. त्या वेळात ड्रायव्हिंग लायसन्सच्या तयारीपेक्षा ऑटोकॅड शिकला तर बरे.

जागा कुठे शोधायच्या? आपल्या शहरातच प्रतापनगरला पश्चिम रेल्वेचे वर्कशॉप आहे, आणि बडोदा हा रेल्वेचा विभागही आहे. पश्चिम रेल्वे ॲप्रेंटिस घेते तेव्हा त्यासाठी परीक्षा नसते, मुलाखत नसते. दहावीचे टक्के आणि आय.टी.आय.चे टक्के यांची सरासरी काढून यादी लावतात. दहावीला किमान पन्नास टक्के लागतात. त्यामुळे 'आय.टी.आय.लाच जायचे तर दहावीला कसेही पास झालो तरी चालेल' असे म्हणणाऱ्या नववीतल्या मुलाला हे वाक्य दोनदा वाचून दाखवावे. रेल्वेत ॲप्रेंटिसशिप पुरी केलेल्यांना पुढे लेव्हल एकच्या भरतीत वीस टक्के जागा राखीव असतात. परीक्षा मात्र द्यावी लागते, हे विसरू नये.

रिफायनरीच्या जाहिराती वाचताना एक खाचखळगा आहे. इंडियन ऑइल फिटर ॲप्रेंटिससाठी दहावी आणि दोन वर्षांचे आय.टी.आय. मागते, पण अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट या ट्रेडच्या ॲप्रेंटिससाठी बी.एस्सी. मागते. त्याच नावाचा आय.टी.आय. ट्रेड केलेला मुलगा मोठ्या आशेने अर्ज भरतो आणि बाद होतो. त्याच्यासाठी खासगी रासायनिक कारखाने आहेत, खते आहेत, औषधे आहेत. ट्रेड निवडतानाच हे ठाऊक असावे.

वर्ष संपल्यानंतरची गोष्ट साखर न लावता सांगायची तर, पहिली नोकरी बहुधा ठेकेदारामार्फत मिळते आणि पगार कॉल सेंटरात बसलेल्या शेजारच्या मुलापेक्षा कमी असू शकतो. हे पालकांनी मनाशी धरून चालावे, म्हणजे सहा महिन्यांत धीर सुटत नाही. फरक दिसायला लागतो तो चार-पाच वर्षांनी, वेल्डिंगची कठीण जोडणी जमू लागते किंवा बंद पडलेले पॅनल कोणाला न विचारता चालू करता येते तेव्हा. त्या माणसाला कारखाना सहजासहजी सोडत नाही.

रस्ता तिथेच संपत नाही

"एकदा आय.टी.आय. केलं की पुढचं शिक्षण बंद," हा समज सर्वांत जास्त नुकसान करतो. दहावीनंतर दोन वर्षांचे आय.टी.आय. चांगल्या टक्क्यांनी केलेल्या विद्यार्थ्याला त्याच शाखेच्या डिप्लोमात दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. आपल्याकडे याला 'सी टू डी' म्हणतात. डिप्लोमा झाल्यावर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला 'डी टू डी'. २०२४ पासून त्यासाठी गुजरातमध्ये स्वतंत्र प्रवेश परीक्षा आहे. म्हणजे फिटर ते इंजिनिअर असा रस्ता खरोखरच आहे. तो लांबचा आहे, आणि गणिताचे ओझे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात एकदम अंगावर येते. ज्याला हे करायचे आहे त्याने आय.टी.आय.च्या दोन वर्षांत संध्याकाळी तासभर अकरावीचे गणित चालू ठेवावे. शाळेतले शिक्षक मदत करतील, आम्हाला त्याचा आनंदच होईल.

शिवाय आय.टी.आय.च्या शिक्षणाला भाषेचे पेपर देऊन दहावी किंवा बारावीच्या बरोबरीचा दर्जा मिळवण्याची व्यवस्था आहे, राज्य मंडळातही आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयातही. ज्याला नंतर कधी बाहेरून पदवी करायची आहे, किंवा पोलीस भरतीला जायचे आहे, त्याने हे पेपर आळस न करता देऊन टाकावेत.

आणि ज्याचे दहावीचे टक्के बरे आहेत पण अकरावी सायन्सची हौस नाही, त्याने थेट डिप्लोमाचा विचार करावा. त्याचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. तीन वर्षांनंतर त्यालाही एक वर्षाची ॲप्रेंटिसशिप आहे, फक्त तिचे काम वेगळ्या मंडळाकडे, मुंबईच्या पश्चिम विभागीय ॲप्रेंटिसशिप बोर्डाकडे असते.

मुलींविषयी. घरातून शिवणकाम, ब्युटी पार्लर आणि फार तर कोपा, एवढीच दारे उघडी ठेवली जातात. त्या ट्रेडमध्ये काही कमीपणा नाही, स्वतःचा व्यवसाय करायचा तर उत्तमच. पण ड्राफ्ट्समन, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक, लॅबोरेटरी असिस्टंट, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक या ट्रेडमध्ये काम बसून, बारीक नजरेचे आणि स्थिर हाताचे असते. मुलींसाठीची केंद्राची राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था बडोद्यात आहे. तिथे ट्रेड शिकून पुढे आय.टी.आय.मध्ये निदेशक, म्हणजे शिकवणारी, होण्याचे प्रशिक्षणही घेता येते. आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या शिक्षिका झाल्या, त्यांच्या मुलीला 'ट्रेड इन्स्ट्रक्टर' व्हायला हरकत ती काय?

खासगी संस्थांच्या बाबतीत मात्र जपून. निकालाच्या दिवशीच शाळेच्या फाटकाबाहेर पत्रके वाटली जातात. 'फायर अँड सेफ्टी', 'ऑइल अँड गॅस', 'शंभर टक्के नोकरीची हमी'. फी चाळीस-पन्नास हजार मागतात. संस्था आय.टी.आय. असल्याचे सांगत असेल तर तिची संलग्नता आहे का, आणि ती त्याच ट्रेडसाठी व तेवढ्याच जागांसाठी आहे का, हे सरकारी पोर्टलवर नावानिशी पाहता येते. एका ट्रेडची मान्यता दाखवून दुसऱ्या ट्रेडमध्ये मुले भरल्याची उदाहरणे ऐकायला मिळतात. तपासायला जमत नसेल तर पत्रक घेऊन शाळेत यावे, पण पैसे भरण्याच्या आधी. दोन-तीन महिन्यांचे सरकारी अल्पमुदतीचे कौशल्यवर्ग निघतात, ते जोडधंद्याला किंवा एखादी खास गोष्ट शिकायला ठीक. दोन वर्षांच्या ट्रेडच्या बदल्यात ते धरू नयेत.

आता कागदपत्रे. सरकारी आय.टी.आय.चा प्रवेश ऑनलाइन अर्जाने आणि गुणवत्ता यादीने होतो, आणि अर्जाची मुदत निकालानंतर लवकरच सुरू होते. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, बँकेचे खाते, आणि लागू असल्यास जातीचा व उत्पन्नाचा दाखला. जातीचा दाखला गुजरात राज्याचा लागतो. गावाकडून, म्हणजे कोल्हापूर-साताऱ्याहून काकांनी पाठवलेला चालत नाही, आणि तो इथे काढायला जुने पुरावे गोळा करावे लागतात, त्याला महिने लागतात. ज्यांच्याकडे नाही त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत कामाला लागावे.

सर्वांत जास्त अडते ते नावापाशी. गुजरात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापतात, आधारवर मुलाचे नाव आधी, आणि बँकेत वडिलांचे नाव गाळलेले. त्यातून 'कुळकर्णी'चे इंग्रजी स्पेलिंग तीन कागदांवर तीन प्रकारचे. ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर आधारशी नाव जुळले नाही की करार पुढे सरकत नाही, विद्यावेतन थेट खात्यात यायचे तेही अडते. दहावीचा बोर्डाचा अर्ज भरण्यापूर्वी शाळेच्या रजिस्टरमध्ये दुरुस्ती करणे सोपे असते, नंतर बोर्डाकडे गांधीनगरला अर्ज करावा लागतो. म्हणून नववीच्या सर्व पालकांनी मुलाचे आधार कार्ड आणि जन्मदाखला घेऊन एकदा कार्यालयात यावे आणि रजिस्टरमधले स्पेलिंग स्वतःच्या डोळ्यांनी पाहून जावे. बोर्डाचे अर्ज भरायला सुरुवात होण्याआधी हे काम संपलेले असावे.